दर महिन्याचे भाडे कशासाठी? एक छत्री, दोन टीव्ही!

गावात कुणाच्या घरी दुसरा टीव्ही आला की तालुक्याच्या शहाण्यांच्या पोटात दुखू लागते. ‘कापसाला भाव नाही म्हणून रडतात आणि ओसरीवर एक, माजघरात एक टीव्ही लावतात!’ बोलणारा स्वतःच्या घरातले टीव्ही मोजत नाही. नोकरदाराच्या खोल्याखोल्यांत टीव्ही असले तर ते राहणीमान आणि आमच्याकडे दुसरा आला की ती उधळपट्टी!

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, शहाण्यांना उत्तर देण्याआधी आपला हिशोब मांडू. महिना हा पगारदाराचा हिशोब आहे. एक तारखेला ज्याच्या हातात पैसा पडतो त्याने महिन्याचे भाडे भरावे. कोरडवाहू घराचा हिशोब हंगामाचा. कापूस वेचून, विकून पैसा हातात यायला दिवाळी उलटते. आषाढात घरात रोकड असलीच तर ती बियाण्या-खताची, आणि तीही बहुधा दुसऱ्याची. अशा घराला दर महिन्याला रिचार्ज मारायला लावणारी पद्धत ज्याने काढली, त्याने आयुष्यात कधी पेरणी केलेली नाही एवढे नक्की.

२०१९ साली ट्रायने नवी दरपद्धत आणली. पहिल्या १०० वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीचे भाडे जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. झाले १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे १,८४० रुपये ८० पैसे. पैसे मोजायच्या वाहिन्यांची किंमत त्यात नाहीच. हा नुसता वाटेचा टोल. दुसऱ्या टीव्हीला हे भाडे ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावू नये, हे बंधन यायला २०२० उजाडले. आणि २०२४ च्या जुलैत ट्रायने १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली. भाव ठरवायचे स्वातंत्र्य कुणाला चटकन मिळते ते पाहा!

याला पर्याय आहे आणि तो सरकारच्याच घरचा आहे. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केले, तेच आजचे फ्री डिश. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, पुढे महिन्याला दमडी नाही. याला फुकट म्हणतात, पण ही खैरात नव्हे. आपण साबण घेतो, चहापत्ती घेतो, त्या किमतीतच जाहिरातीचा पैसा असतो. खाजगी वाहिन्या फ्री डिशवरच्या जागेसाठी लिलावात कोट्यवधी मोजतात, ते आपल्या घरात शिरण्यासाठीच. तेव्हा उपकाराची भाषा कुणी करू नये.

त्याआधीची फुकटची वाट होती बांबूवरच्या अँटेनाची. वाऱ्याने अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या. एकाने माळवदावर चढून दांडी फिरवायची, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे. पण चित्र येत होते. मोजकी ठिकाणे सोडून दूरदर्शनची ती जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने २०२२ पर्यंत बंद झाली. त्यांच्या जागी डिजिटल प्रक्षेपण आले ते २०१६ साली देशातल्या १६ शहरांत, त्यांत आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद. खेड्याच्या वाट्याला काय? म्हणून छत्री.

आता दुकानदाराची गोष्ट. दुसरा टीव्ही म्हटले की तो सांगतो, ‘दुसरी छत्री घ्यावी लागेल.’ साफ खोटे. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, तो दोन तोंडांचा मिळतो. एका तोंडाची केबल ओसरीच्या डब्याला, दुसऱ्याची माजघरातल्या डब्याला. डबे मात्र दोन लागतात, एवढाच जास्तीचा खर्च. भावाभावांचे एकत्र घर असेल तर चार तोंडांचा घ्यावा. घेताना प्रत्येक तोंड स्वतंत्र चालते का ते विचारावे, कारण दिसायला तसाच पण वेगळ्या कामाचा मालही चार तोंडांचाच असतो आणि तो थेट डब्याला जोडून उपयोग नाही.

काही जण अँटेनाच्या काळातला स्प्लिटर काढून छत्रीच्या केबलला जोडतात आणि चित्र आले नाही की डब्याला शिव्या देतात. तो स्प्लिटर साधारण ८६२ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा. छत्रीकडून येणारा संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचा. शिवाय एलएनबीला लागणारी वीज डब्यातून त्याच केबलने वर जाते. केबल आरजी-६ जातीची घ्यावी, सांध्यात पावसाचे पाणी जाणार नाही असे बांधावे. आपल्या भागातून उपग्रह, जीसॅट-१५, आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. त्या बाजूला लिंबाचे झाड आडवे येत असेल तर छत्री हलवा, झाड तोडू नका. झोडपणाऱ्या पावसात चित्र जाते, त्यासाठी मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नयेत.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत स्वस्त. एकाच डब्यातून वायर ओढून दोन खोल्यांत टीव्ही लावायचा. पण मग दोन्हीकडे एकच वाहिनी दिसते आणि रिमोट राहतो ओसरीवरच्या कारभाऱ्याच्या मांडीखाली. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईने भाकरी थापता थापता काय पाहावे, हेही कारभारीच ठरवणार! दुसऱ्या डब्याचे पैसे वाचवणाऱ्यांना आमचे विचारणे आहे, कारभाऱ्याच्या पानतंबाखूला महिन्याला किती जातात?

मात्र फ्री डिश आहे तशी आम्हाला पुरी पडते असे नाही. मोठ्या खाजगी कंपन्यांनी २०१९ च्या मार्चात आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ च्या एप्रिलात पुन्हा काढल्या. त्यांचा तो धंदा आहे, त्याबद्दल रडायचे नाही. तक्रार आहे ती प्रसार भारतीशी. किसान वाहिनी २६ मे २०१५ ला सुरू झाली, पण तिची बोली हिंदी. बोंडअळीवर कोणते औषध, किती पाण्यात, हे मराठी माणसाने अर्धवट समजलेल्या भाषेतून घ्यायचे का? मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’ लागत असे, तेव्हा अख्खी ओसरी पुढे सरकून बसायची. आज सह्याद्री वाहिनी छत्रीवर फुकट दिसते. तिच्यावर रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी बाजार समित्यांचे कापसाचे आणि ज्वारीचे भाव मराठीत सांगायला कुठला लिलाव आडवा येतो?

जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. फ्री डिशला महिन्याचे भाडे कधीही लावू नये. तिचे प्रक्षेपण कुलूपबंद करू नये, बाजारातला कुठलाही साधा डबा चालला पाहिजे. आणि सह्याद्रीवर बाजारभाव. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येताना आपल्या गावात किती घरांवर छत्र्या आहेत, किती घरे दर महिन्याला रिचार्ज भरतात आणि किती घरांचा टीव्ही पावसाळ्यात पैशावाचून बंद असतो, याची यादी आणावी. दोन तोंडांचे एलएनबी आणि डबे पाच-पन्नास मिळून एकदम घेतले तर भाव पाडून मागता येईल. ज्यांना हवे आहेत त्यांनी नावे बैठकीच्या ठिकाणी द्यावीत. माजघरासाठी डबा हवा असेल तर नाव बाईनेच लिहावे.