सिस्टर, हे इंजेक्शन कसले?

सकाळच्या औषधांच्या वेळी वॉर्डाच्या दारातून हाक येते, "कांबळे कोण?" आणि तीन खाटांवरून एकदम "हो" ऐकू येते. आपल्याकडे कांबळे, गायकवाड, जाधव एकेका वॉर्डात चार-चार सापडतात. सुनीता आणि मंगलही तशाच. औषध चुकण्याची पहिली जागा हीच. म्हणून हाकेला नुसते "हो" म्हणू नका. स्वतःचे पूर्ण नाव आणि वय सांगा, केस पेपरवरचा नंबर पाहायला सांगा.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच आमच्याकडून पाच गोष्टी घोकून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाठ सगळ्यांनाच असते. पण हे पाठांतर हाताखाली मोजके पेशंट आहेत असे धरून केलेले आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असा आहे. रात्रपाळीला एकटीने चाळीस खाटा आणि खाली टाकलेल्या गाद्या सांभाळलेली बाई हा निकष वाचून हसते. मी हसले आहे. सलाईन संपले म्हणून एक नातेवाईक ओढतो, दुसरीकडे डॉक्टर फोनवर तोंडी ऑर्डर सांगतात, आणि हातात इंजेक्शन भरलेली सिरिंज असते. अशा वेळी चूक होते ती निष्काळजी बाईच्याच हातून होते असे नाही.

चूक झाली की काय होते? शेवटचा हात नर्सचा, म्हणून मेमो नर्सला. डॉक्टरचे अक्षर लागत नव्हते, दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसत होत्या, ड्युटीवर माणूस कमी होता, यांतले काहीच मेमोत येत नाही. जी चूक लिहून कळवते ती अडकते, जी दाबते ती सुटते. अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ साली एका नर्सने शांत करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले आणि रुग्ण दगावला. २०२२ मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरवले. तेव्हा तिथल्या परिचारिका रस्त्यावर आल्या. चूक सांगणाऱ्यालाच गुन्हेगार केले तर उद्या सांगणार कोण, हा त्यांचा सवाल होता. मला तो पटतो. आपल्या काही कार्यकर्त्यांना तो पटणार नाही, हेही मला ठाऊक आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याचा राग खराच असतो. पण सिस्टर निलंबित झाली तरी ती सारखी दिसणारी बाटली कपाटात तशीच राहते.

अशी एक बाटली म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची. दिसायला पाण्याच्या अँप्यूलसारखी, आणि पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडते. म्हणून ती वॉर्डाच्या कपाटात इतर औषधांत मिसळून ठेवूच नये.

घरी जास्त चुकते ते इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटची असते, पेनातले १०० युनिटचे, आणि १०० च्या बाटल्याही दुकानात मिळतात. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. अडीच पट. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतो आणि बेशुद्ध पडतो. वस्तीत लोकांना वाटते दारू प्यायला असेल. उलट ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने ओढले तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर खाली येत नाही. दुकानदाराने बाटली बदलली की सिरिंजही बदलायची का, हे तिथेच विचारा.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचेही तसेच. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, काहींत २५०. थेंबांचे औषध पाच मिलिलिटरच्या चमच्याने पाजले तर तान्ह्या बाळाला ५०० मिलिग्रॅम गेले. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर किंवा मापच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेऊन माणसे दगावली आहेत. कागदावर वार लिहून घ्या: "फक्त सोमवारी".

विचारायला आपल्या माणसाला संकोच वाटतो. "तुम्हाला काय कळतं" हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो, म्हणून सिस्टरसमोरही गप्प बसतो. तरी विचारा. "सिस्टर, हे इंजेक्शन कसले? कशासाठी? आधी दिलंय का?" एवढेच, शांतपणे. चांगली नर्स रागावत नाही, ती थांबून पुन्हा एकदा पाहते, आणि त्या थांबण्यातच चूक पकडली जाते. एखादी खेकसलीच, तर चाळीस खाटांचा हिशेब आठवा आणि पुन्हा विचारा. पेनिसिलिनची किंवा कुठलीही ॲलर्जी असेल तर न विचारताही सांगा.

औषधाचे नाव जेनेरिक, वाचता येईल असे आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ पासून आहे. चिठ्ठी लागत नसेल तर डॉक्टरकडे परत न्यायची, दुकानदाराच्या अंदाजावर सोडायची नाही. उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवेत. काही बिनसले तर आधी अर्ज देऊन ते कागद घ्या, आणि त्याच अर्जात एक प्रश्न जरूर लिहा: त्या रात्री त्या वॉर्डात किती रुग्ण होते आणि किती नर्स ड्युटीवर होत्या? हाच प्रश्न आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीलाही लेखी विचारायला हवा, कोणाचे काही बिनसण्याची वाट न पाहता.