कण्याचे यंत्र आणि नोंदीचा आग्रह

ऑक्टोबर 2024मध्ये ‘आयुष्मान भारत’ योजना सत्तरी गाठलेल्या नागरिकांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या या संरक्षणाचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. वयोमानाच्या झिजेने कणा एका बाजूस वाकतो, मणके पिळले जातात. प्रौढांतील हा स्कोलिओसिस प्रामुख्याने उतारवयातला. बहुतेकांना औषधे व व्यायाम पुरतात. चालणेच दुष्कर झालेल्या मोजक्यांपुढे मात्र शस्त्रक्रियेचा पर्याय उभा राहतो.

या शस्त्रक्रियेत मणक्यांत स्क्रू बसवून ते सळ्यांनी जोडतात. मणके पिळलेले असल्याने नेहमीच्या खुणा फसव्या ठरतात आणि काही मिलिमीटरची चूकही नसांना इजा करू शकते. शस्त्रक्रियागृहातच सीटी प्रतिमा घेऊन हत्याराचे टोक नेमके कोठे आहे हे पडद्यावर दाखवणारी नेव्हिगेशन प्रणाली येथे उपयोगी पडते. तिच्यामुळे स्क्रू चुकण्याचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

तथापि, कण्यावर बसवलेली संदर्भचौकट जरा हलली, तरी पडद्यावरचे चित्र चुकीचे ठरते. ठिसूळ हाडात अचूक बसलेला स्क्रूही पुढे सैल होऊ शकतो. शस्त्रक्रिया करावी की नाही आणि कणा किती सरळ करावा, हा निर्णय तर यंत्राच्या कक्षेतच येत नाही.

म्हणूनच यंत्रखरेदीपाशी धोरण थांबता कामा नये. योजनेतील ठरीव पॅकेज शस्त्रक्रियेचे पैसे देते. वर्षभराने रुग्ण चालू लागला का, हे विचारत नाही. महागडे यंत्र घेतलेल्या रुग्णालयाला ते सतत वापरात ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मग टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियाही अचूकतेच्या नावाखाली खपून जातील.

स्वीडनमध्ये ‘स्वेस्पाइन’ या राष्ट्रीय नोंदणीत शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची वेदना, हालचाल आणि समाधान रुग्णांनाच विचारून नोंदवले जाते. आपणही अशी यंत्रणा पुरेशा शस्त्रक्रिया होणाऱ्या विभागीय सार्वजनिक केंद्रांतच उभारावी आणि पॅकेजचा काही हिस्सा वर्षभरानंतरची नोंद सादर झाल्यावरच द्यावा. नोंद निकालाची हवी, केवळ यशाची नव्हे. अन्यथा अवघड रुग्णांना दारातूनच परत पाठवले जाईल. सार्वजनिक पैशातून वृद्धाचा कणा सरळ करताना त्याचे जगणे सुसह्य झाले का, हे विचारणे शासनाचे कर्तव्यच आहे.