विश्लेषण : घरच्या पार्किंगमध्ये स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करताय? पहिला बोल्ट सोडण्याआधी हे वाचा

नाशिककरांना गाडी खोलायची भीती वाटत नाही. महिंद्राचा कारखाना इथे आहे. सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग बनवणारे छोटे उद्योग आहेत, लेथवर हात बसलेले कारागीर आहेत. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या गाड्या बघायला मातीच्या रस्त्याकडेला धूळ खात उभे राहणारे प्रेक्षकही इथलेच. त्यामुळे एखादी जुनी, दोन दारांची गाडी स्वस्तात दिसली की ‘घेऊन टाकू, घरीच उभी करू’ असे वाटणे साहजिक आहे. यूट्यूबवर तर वीस मिनिटांत गंजका सांगाडा चकचकीत होऊन रस्त्यावर धावतो.

प्रत्यक्षात अशा अनेक गाड्या ताडपत्रीखाली अर्धवट खोललेल्या अवस्थेत राहतात आणि शेवटी किलोच्या भावाने भंगारात जातात. यात हाताचे कसब क्वचितच कमी पडते. चुकतो तो कामाचा क्रम. पैसा आधी इंजिनावर आणि रंगावर खर्च होतो. ब्रेक, चासी आणि कागदपत्रे शेवटी आठवतात. हा क्रम उलटा केला, तर निम्म्या अडचणी सुरू होण्याआधीच संपतात.

चूक १ : गाडी बघितली, कागद नाही बघितले

पुन्हा उभारणीची सुरुवात पान्याने होत नाही, आरसी बुकाने होते. आरसीवरचा चासी क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक जुळतो का? इंजिन क्रमांक तोच आहे का? कर्जाचा बोजा उतरला आहे का? गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आहे का? ‘वाहन’ प्रणालीत तिची नोंदणी रद्द तर झालेली नाही ना?

हे प्रश्न किरकोळ नाहीत. डीसी अवंती ही महाराष्ट्रातूनच आलेली स्पोर्ट्स कार. तिच्याशी संबंधित प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी कारवाई केली. एकाच इंजिन व चासी क्रमांकावर एकापेक्षा जास्त नोंदण्या करून कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. नवी म्हणून घेतलेल्या गाडीबाबत असे प्रश्न उभे राहू शकतात, तर तीन हात फिरलेल्या जुन्या गाडीचे क्रमांक स्वतः तपासलेलेच बरे. नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेला सांगाडा कितीही देखणा केला, तरी तो रस्त्यावर आणता येत नाही.

चूक २ : ‘पूर्ववत करणे’ आणि ‘बदलणे’ यांत गल्लत

जुना भाग काढून तसाच भाग बसवणे ही दुरुस्ती. छत कापणे, चासीची लांबी बदलणे, दुसऱ्याच गाडीचे मोठे इंजिन बसवणे हा बदल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलायचेच असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची, काम नंतर. विमा कंपनीलाही कळवायचे. अपघातानंतर न सांगितलेला बदल उघड झाला, तर दाव्याचे काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

चूक ३ : एका रविवारी सगळी गाडी खोलणे

खोलायला एक दिवस लागतो, जोडायला दोन वर्षे. या दोन वर्षांत कोणता बोल्ट कुठला, हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. प्रत्येक भाग काढण्याआधी तीन बाजूंनी फोटो, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर मार्करने नाव आणि वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे लेबल, एवढी शिस्त पुरते. एका वेळी एकच विभाग खोलायचा. पुढचे ब्रेक खोलले की ते पूर्ण जोडूनच मागच्यांना हात लावायचा.

खराब झालेला भागही लगेच फेकू नका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, फायबरग्लास बॉडीची भारतीय गाडी घ्या. तिचे इंजिन रेनोचे, १,१४९ सीसीचे. अशा कमी संख्येने बनलेल्या गाड्यांत इंजिनाचे भाग शोधून सापडतात, कारण ते इंजिन जगात इतर गाड्यांतही वापरले गेले. अडते ते काचेवर, दिव्यांवर, दाराच्या रबरावर. तुटलेला तुकडा हाती असेल तर निदान त्यावरून नवा बनवता येतो.

चूक ४ : नुसत्या जॅकवर भरवसा

ही चूक जिवावर बेतते. हायड्रॉलिक जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. आतले सील गळले की तो खाली बसतो, आधी सूचना देत नाही. सपाट, पक्क्या जमिनीवर स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही. विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक किंवा चाकाची रिम हा स्टँडला पर्याय होत नाही.

दुसरा धोका पेट्रोलच्या टाकीचा. ‘रिकामी आहे’ म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग केले जाते. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि पेट घेते ती वाफच. टाकी काढून दूर ठेवायची, बॅटरीची तार सोडायची आणि मगच ठिणगी उडवायची. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तर हे काम करूच नये. तिथे धोका तुमच्या एकट्याचा नसतो.

चूक ५ : गंजावर पुट्टी, पुट्टीवर रंग

नाशिकचा उन्हाळा कोरडा, पण पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर उभी राहिलेली गाडी खालून सडते. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे चासीला धरते ती जागा आधी तपासायची. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत गेला, तर तो पत्रा कापून नवा वेल्ड करण्याला पर्याय नाही. पुट्टी खड्डा झाकते, भार पेलत नाही. फायबरग्लास गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; त्याखालचे लोखंड गंजतेच. रंग शेवटी. त्याआधी सगळे पत्रे, दारे, दिवे एकदा बसवून बघायचे.

चूक ६ : ताकद आधी, ब्रेक नंतर

वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला थांबवणारे ब्रेक १२० ला चौपट ऊर्जा जिरवू शकतील का, याचे उत्तर इंजिनाला हात लावण्याआधी हवे. ब्रेकचे रबरी होज, सील आणि ऑइल नवेच घाला. डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ते पाणी तापून वाफ झाली की पेडल पोकळ जाते. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यांत मिसळायचे नाही. ब्रेकच्या सीलला साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले तर रबर फुगते.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेवरचे चार आकडे वाचा. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालातला २३ वा आठवडा. एवढ्या वर्षांत रबर कडक झालेले असते, आणि स्पोर्ट्स कारला रस्त्याशी जोडणारी वस्तू तेवढीच आहे.

चूक ७ : जुन्या पाइपात नवे पेट्रोल

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा इंधनाचा होज तसाच ठेवणे म्हणजे गरम इंजिनाशेजारी गळती ठेवणे. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका. वायरिंगमध्येही पीळ मारून टेप गुंडाळण्याची सवय सोडा. क्रिंप केलेले जोड आणि योग्य क्षमतेचा फ्यूज, एवढ्याने आग टळते.

चूक ८ : ‘मारून बघू सेल्फ’

वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारला, तर कोरड्या पिस्टनचे ओरखडे सिलिंडरवर उमटतात. स्पार्क प्लग काढून थोडे ऑइल सोडा आणि क्रँक हाताने फिरवा. टायमिंग बेल्ट नवा घातला असेल तर क्रँक हातानेच पूर्ण दोन वेळा फिरवून खुणा जुळतात का ते पाहा. अनेक इंजिनांत एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. हेडचे बोल्ट अंदाजाने आवळू नका. टॉर्क रेंच वापरा, क्रम मॅन्युअलप्रमाणे, बहुधा मधून कडेला.

मग सगळे घरीच करायचे का?

नाही, आणि त्यात कमीपणा नाही. खोलणे, साफ करणे, जोडणे, वायरिंग हे घरी होते. सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, चासीचे वेल्डिंग आणि व्हील अलाइनमेंट जाणत्या हाताकडे द्यावे. शहराच्या औद्योगिक वसाहतींत असे हात सापडतात, ही नाशिकची खरी श्रीमंती आहे. बजेट ठरवताना गाडीची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता समजा. सुटे भाग मिळतात की नाही, हे पाहून मगच गाडी घ्या.

आणि सरकारने काय करावे?

इथे तक्रारीला जागा आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण २५-३० वर्षांच्या गाडीचे काय? ती व्हिंटेज नाही आणि नवीही नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये पडतात. वर फिटनेस चाचणी आणि पर्यावरण कर. वर्षाला हजार किलोमीटर धावणारी जपलेली गाडी आणि रोज धूर ओकणारी खटारा यांना एकच माप लावले जाते. मूळ स्वरूप राखणाऱ्यांसाठी, मर्यादित वापराच्या अटीवर, मधला वर्ग हवा.

मात्र ही मागणी कायदा धाब्यावर बसवून करता येणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी उभी केली, तेव्हा सगळ्या देशाने कौतुक केले. आनंद महिंद्रा यांनीही केले. पण नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हे सांगून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. प्रत्येकाच्या दारात अशी बोलेरो येणार नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा : कागद, चासी, ब्रेक, इंधन व वायरिंग, इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग. या क्रमाने काम मधेच थांबले, तरी हाती उरते ती पुढे नेता येण्यासारखी गाडी. उलट क्रमाने थांबले, तर उरतो रंगवलेला भंगार.