पाचशे तासांचा डबा

पेटीत माल किती मावतो, हे वरूडच्या माणसाला शिकवायला जाऊ नये. संत्र्यांतच जन्म गेला आमचा. पण टीव्हीचे कार्यक्रम साठवणारा डबा घरी आला आणि त्याने मला पार बनवले. खोक्यावर छापले होते : ‘पाचशे तास रेकॉर्डिंग!’ मी बी. कॉम., बँकेत बावीस वर्षे लोकांचे आकडे तपासतोय; पण आकडा खोक्यावर छापला की माझीही अक्कल रजेवर जाते.

अहो, तास ही काय भरायची वस्तू आहे? डब्यात भरतात ते बिट. आठ बिटांचा एक बाइट. हाय डेफिनिशन चित्र सेकंदाला ८ मेगाबिटांनी आले, तर तासाला ३.६ गिगाबाइट खाते. ५०० गिगाबाइटांत जेमतेम १३८ तास. साधे चित्र २ मेगाबिटांनी आले, तर साडेपाचशे. खोक्यावर कोणता हिशेब धरतात, हे सांगायला ज्योतिषी नको!

दाबून भरण्याच्या शास्त्राशी माझे भांडण नाही. ते तर आमच्या खतावणीसारखे आहे. सुरुवातीची शिल्लक एकदा पूर्ण लिहायची, पुढे फक्त जमा-नावे. तसेच एक चित्र पूर्ण पाठवायचे, पुढच्या चित्रांत फक्त बदललेले तेवढे. मधली नोंद हुकली की पुढचे सगळे चुकते. पावसात नायिकेच्या नाकाचे चौकोन होतात ते यामुळेच. १९९५ च्या सुमाराचे एमपेग-२ जे चित्र पाठवी, तेच २००३ च्या एच.२६४ ने, म्हणजे सुधारलेल्या एमपेग-४ ने, जवळजवळ निम्म्या जागेत बसवले. छान!

पण वाचलेली जागा कोणाच्या खाती जमा झाली? वर उपग्रहावर तिथे आणखी एक वाहिनी येऊन बसते; चित्र सुधारतेच असे नाही. डबा बिचारा आला माल तसाच ठेवतो. किती दाबायचे ते वरचे ठरवणार. शिवाय एमपेग-२ च्या जुन्या डब्याला एमपेग-४ ची वाहिनी दिसतच नाही. म्हणजे बचत त्यांची, नवा डबा आपला.

हा हिशेब मी केलाही नसता. पण सह्याद्री वाहिनीवर शेतीच्या कार्यक्रमात एकदा आमचे बाबा आले. आंबिया बहारावर चाळीस सेकंद बोलले. त्यातली दहा खोकण्यात गेली. ते मी साठवले. पुढे बाबा गेले. दोन वर्षांनी डबाही गेला.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “नवीन डबा भेटते जी काका. पण यातलं काही निंगत नाही. कुलूप रायते त्याले.”

“अरे, त्यात मामाजी आहेत!” ही म्हणाली. पोरगा दचकून डब्यापासून दोन पावले मागे सरला.

लॉकरची किल्ली हरवली तर बँक लॉकर फोडते आणि ज्याचा दागिना त्याच्या हातात देते. कुलूप आमचे, पण ऐवज त्याचा! एवढाच न्याय या डब्याला लावा. आणि खोक्यावर तास छापायचे तर वेग कोणता धरला तेही छापा.

बाबांची चाळीस सेकंदे म्हणजे हिशेबाने १० मेगाबाइट. पाचशे गिगाबाइटांत ही रक्कम किरकोळ, सोडून द्यावी अशी. पण आमच्या घरचा ताळेबंद तेवढ्यानेच जुळत नाही.