ओढ्यातला अनोळखी धोंडा

ओढ्याच्या पात्रात चारचौघांत न शोभणारा मोठा धोंडा दिसला की तो कशाचा असेल याचे तर्क सुरू होतात. ओळख पटवायची तर आधी पाहायचे ते त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे. पाणी दगड उताराने खाली आणते. वर जे नाही ते खाली येत नाही.

धाराशिव जिल्ह्यात वर जवळजवळ सगळीकडे एकच खडक आहे: बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, धाराशिवची लेणी कोरली आहेत तीही याच थरांत. तेरणा बालाघाटावर उगम पावून पूर्वेला मांजरेला मिळते, बोरी नळदुर्गावरून दक्षिणेला भीमेकडे जाते. त्यांचे ओढे परमुलखातून काही आणत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जिल्ह्याच्या सीमेलगत किल्लारीला जे खोल विंधन घेतले गेले, त्यात या पाषाणाची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक. इतक्या खोलवरचा ग्रॅनाइट ओढ्यात येण्याचा मार्गच नाही. गुलाबी-पांढऱ्या ठिपक्यांचा ग्रॅनाइट पात्रात सापडलाच, तर तो माणसाने आणलेला: जुना रोलर, देवळाचा खांब, किंवा मोडून टाकलेल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची फरशी.

सर्वांत जास्त फसवतो तो गुळगुळीत गोल धोंडा. पाण्याने घासून तो गोल झाला असे समजतात, पण मोठ्या धोंड्यांचा गोलपणा बहुधा जमिनीतच घडलेला असतो. थंड होताना बेसाल्टला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्यांतून पाणी झिरपते, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. बाहेरचा भाग मुरूम होतो, आत टणक गाभा उरतो. पुराने मुरूम वाहून गेला की गाभा उघडा पडतो. एक मीटर व्यासाचा असा गोल सुमारे दीड टन भरतो. साधा पूर त्याला फारसा हलवत नाही. अलीकडे तर नाला खोलीकरणात पोकलेननेच असे गोटे उकरून काठावर टाकलेले असतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर ते तिथे कसे आले हे कोणालाच सांगता येत नाही.

काही धोंड्यांवर पांढरे ठिपके असतात, फोडल्यावर आत स्फटिकांनी भरलेली पोकळी निघते. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे खनिजे साचून हे घडते. ती ओळखायला चाकू पुरतो. चाकूचा ओरखडा उठला नाही तर गारगोटी किंवा अकीक. उठला तर कॅल्साइट, अथवा स्टिलबाइट, हुलँडाइट यांसारखे झिओलाइट; त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला तो कॅल्साइट. महाराष्ट्रातली अशी खनिजे जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती जवळून पाहता येतात.

गोटे, वाळू आणि माती एकत्र चिकटून बनलेला काँक्रीटसारखा धोंडाही पुष्कळदा चक्रावून टाकतो. एखाद्या जुन्या बांधकामाचा तुकडा म्हणून तो दाखवला जातो. तो नदीचाच जुना गाळ असतो, चुनखडीने सांधलेला. अशा थरांकडे मात्र जरा निरखून पाहावे. मांजरेच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्यातल्या हरवाडीसारख्या ठिकाणी, याच प्रकारच्या गाळात हत्ती आणि रानगुरांचे जीवाश्म मिळाले आहेत आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ते तपासले आहेत. ओंडक्यासारखा लांबट, जड, मोडलेल्या टोकाला जाळीदार दिसणारा दगड हाड असू शकतो.

राहिली उल्का. काळा, जड आणि चुंबकाला ओढणारा दगड म्हणजे उल्का, हा समज या भागात तरी टिकणारा नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे दोरीला टांगलेले चुंबक बांधावरच्या कुठल्याही काळ्या दगडाकडे थोडे झुकतेच. बुडबुड्यांची भोके असतील तर उल्केची शक्यता जवळजवळ संपते. तो सच्छिद्र बेसाल्ट किंवा लोखंडाच्या भट्टीची मळी. खऱ्या उल्केवर जळून झालेली पातळ काळी साल असते, अंगावर बोटे दाबल्यासारखे खळगे असू शकतात, आणि दगडी उल्केचा ताजा फोड आतून बहुधा फिका, त्यात धातूचे बारीक कण. लोखंडी उल्का घनतेने बेसाल्टच्या अडीचपटीहून जड. अशी वस्तू खरोखर मिळाल्यास ती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायला हवी. उल्कांचा राष्ट्रीय संग्रह त्यांच्याकडे कोलकात्याला आहे.

छिन्नीच्या खुणा, सरळ कड किंवा कोरीव आकृती दिसली की प्रश्न भूशास्त्राचा राहत नाही. तेरणाकाठचे तेर हे प्राचीन तगर. या काठाने जाते, पाटे, वीरगळ, देवळांचे भाग निघणे नवलाचे नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयात तुलनेसाठी भरपूर पाहायला मिळते. अडचण शेंदराची. एकदा शेंदूर फासून नारळ फुटला की धोंड्याचा पृष्ठभागही दिसत नाही आणि तुकडा काढू द्यायलाही कोणी तयार होत नाही. म्हणून तपासणी आधी, पूजा मागाहून, हा क्रम सोयीचा.

साध्या दगडाच्या तपासणीला मुठीएवढा तुकडा पुरतो, पण तो ताज्या फोडीचा हवा; पात्रातली बाहेरची साल मातीने आणि लोह-मँगनीजच्या पुटाने रंगलेली असते. जीवाश्म किंवा कोरीव काम वाटले तर काहीही फोडू नये, हलवूही नये. सोबत शेजारी पट्टी ठेवून काढलेले फोटो, जागेची नोंद आणि वरच्या अंगाच्या दरडीतला एक तुकडा द्यावा. दोन्ही तुकडे सारखे निघाले की निम्म्याहून अधिक प्रकरणे तिथेच मिटतात. विहिरी-बोअरच्या कामाने गावोगाव ओळखीचे असलेले भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे जिल्हा कार्यालय यासाठी सर्वांत जवळचे. तिथे भूवैज्ञानिक असतात आणि जिल्ह्यातले खडक त्यांच्या रोजच्या पाहण्यातले असतात.