भाव बांधण्यापूर्वी

लातूरला गंजगोलाईत दुकान चालविणारा माझा पुतण्या गेल्या रविवारी नांदेडला आला होता. म्हणाला, ‘काका, पुढचा प्लेस्टेशन बाजारात येईल तेव्हा केवढ्याला पडेल? चार गिऱ्हाइके आत्ताच भाव ठरवून विसार द्यायला तयार आहेत. घेऊ का?’

बँकेत हयात गेलेल्या मला त्या खेळांतले काही कळत नाही. आकडेमोड तेवढी कळते. म्हणून मागचाच दाखला काढला. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला. डॉलर ७३ रुपयांचा धरला, तर सुमारे ३६,४०० रुपये. त्यावर २० टक्के सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि एकूण बेरजेवर १८ टक्के जीएसटी. हिशेब जातो ५२,४०० पर्यंत. प्रत्यक्षात २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्री सुरू झाली, ती ४९,९९० रुपयांना. कारण शुल्क आयातमूल्यावर लागते, तिकडच्या दुकानातील किमतीवर नव्हे. शिवाय आकडा पन्नास हजारांच्या आत ठेवण्याचे मोल कोणताही विक्रेता जाणतो. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच नग ५४,९९० रुपयांना झाला.

तात्पर्य, अंदाज बांधता येतो, भाव बांधता येत नाही. पुतण्याला एवढेच सांगितले, ‘नावे लिहून घे, विसार घेऊ नकोस. चार नगांत पदरचे गेले तर ते पुन्हा कमावशील. दिलेला भाव फिरवलास, तर पेढीची पत कशी कमावशील?’