भिंतीतली तार आणि बिनतारी प्रगतीची दंतकथा

१/ तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील बहुतेक धाग्यांत एकच सरळ रेषा आखलेली असते: आधी तार, मग बिनतारी, आधी मागासलेपण, मग प्रगती. ही रेषा खोटी आहे. स्टिरिओ ध्वनी जन्मला तारेतच, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तो नेण्यास भिंतीतली जुनी केबल आजही समर्थ आहे.

२/ पॅरिस, १८८१. क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर डाव्या-उजव्या बाजूंना टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि तारा भुयारी गटारांतून विद्युत प्रदर्शनापर्यंत नेल्या. श्रोत्याच्या प्रत्येक कानाला स्वतंत्र तार. गायक रंगमंचावर सरकला की आवाजही सरके. ज्यांना सरसकट ‘स्टिरिओचे जनक’ म्हटले जाते, त्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांचा पेटंट अर्ज १९३१चा, म्हणजे तब्बल ५० वर्षांनंतरचा आहे.

३/ २७ एप्रिल १९३३. वाद्यवृंद फिलाडेल्फियात, श्रोते वॉशिंग्टनमध्ये. तीन वाहिन्यांचा ध्वनी टेलिफोनच्या तारांवरून आला. संचालक स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाचे नियंत्रण करत होते. तार ‘फक्त बोलण्यापुरती’ असते, हा आक्षेप तेव्हाच निकालात निघाला.

४/ याचे मर्म पिळात आहे. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच उमटतो. पलीकडे दोघींतील फरक तेवढा घेतला की गोंगाट वजा होतो. या पिळाचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना मिळाले, तेही १८८१मध्येच.

५/ घरात हेच करायचे. टेलिफोनच्या केबलमध्ये दोन जोड्या असतील, तर एक डाव्या वाहिनीला, एक उजव्या. दोन्ही टोकांना छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. अ‍ॅम्प्लिफायर मात्र स्पीकरच्या खोलीत ठेवावा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध १५ मीटर अंतरावर, जाऊन-येऊन, सुमारे अडीच ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरला जाणाऱ्या शक्तीचा चौथा हिस्सा वाटेतच उष्णता होऊन जाईल. केबल बाहेरच्या लाइनपासून आधी पूर्ण तोडावी, कारण चालू लाइनवर ४८ व्होल्ट असतात. विजेच्या वायरिंगला तर हातही लावू नये.

६/ ‘पण बिनतारी सोयीचे!’ हातातल्या फोनसाठी, निश्चित. जागचा न हलणाऱ्या स्पीकरसाठी ही सोय कसली? जाड भिंतीपलीकडे क्षीण होणारे संकेत, मागे पडणारा आवाज आणि काही वर्षांत अद्ययावत होणे थांबलेले उपकरण, हीच ना? तांब्याला अद्ययावत व्हावे लागत नाही.

७/ मुंबईत टेलिफोन एक्सचेंज उघडले २८ जानेवारी १८८२ रोजी. माणगावसारख्या गावांतल्या घराघरांत तार पोहोचायला मात्र त्यानंतर एक शतक लोटले. १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटच्या ग्रामीण एक्सचेंजांनी देशभर ती वाट रुंदावली. इतक्या उशिरा मिळालेली तार आज घर नव्याने बांधताना सर्वांत आधी भंगारात जाते.

८/ आपण मोडी कागदांसाठी हळहळतो, ते योग्यच. पण इतिहासाचे साधन फक्त दफ्तरात नसते. भिंतीतली ती जोडी आपल्या गावात टेलिफोन कधी, कसा आणि कोणाच्या दारी आला याचा पुरावा आहे, आणि हा पुरावा अजून गाऊ शकतो. तो उपटण्याआधी एकदा त्यातून संगीत वाहू द्या.

(धागा समाप्त)